घरचा मलबा उचलायचा रेट नेमका कसा ठरते? (नागपूर)

नरेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. बाबांनी बांधलेलं जुनं घर आहे, त्यात आता थोडं काम काढलंय. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत (१२ बाय १०) पाडतोय, मागच्या खोलीची एक (१० बाय ८), दोन्ही साडेचार इंची, आणि बाथरूमच्या टाईल्स खालपासून वरपर्यंत सगळ्या काढायच्या. आता मलबा न्यायला तीन जणांना विचारलं तर तीन तऱ्हा. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीमागे १२०० म्हणतो पण भरून तुम्ही द्यायचं, दुसरा २५०० म्हणतो हमाली धरून, आणि आमचा ठेकेदार म्हणून राहिला की चार ट्रॉल्या होतील, उक्ते १५ हजार द्या आणि विसरून जा. बाप्पा! दोन भिंतींचा मलबा आहे, किल्ला नाही पाडून राहिलो. कोणाला याचा हिशोब माहीत आहे का? आणि हे लोक नेऊन टाकतात कुठे, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

साईटवरचा_सिव्हिल
भाऊ, आधी माप काढा, रेट मग बोला. दोन्ही भिंती मिळून २०० चौरस फूट, प्लास्टर धरून जाडी अर्धा फूट पकडा, म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. पण पाडलेली भिंत पसरते, मधे पोकळी राहते, म्हणून दीडपट धरायचं, झाला दीड ब्रास. बाथरूमचे तुकडे आणि खालचा कोबा अर्ध्या-पाऊण ब्रासच्या वर जात नाही. ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसते, म्हणजे तुमच्या दोन ट्रॉल्या, फार तर वर एखादी अर्धी. चार कुठून आल्या ते ठेकेदारालाच विचारा 😄

छोटा हत्ती स्वस्त वाटते पण त्याच्या नादी लागू नका. ब्रासभर मलबा साडेतीन-चार टनाच्या घरात जाते आणि त्या गाडीची ताकद पाऊण टनाची, म्हणजे एका ब्रासला पाच फेऱ्या. ती गाडी फर्निचर, थर्माकोल, जुन्या गाद्या असल्या हलक्या सामानाला ठीक.

बाकी १२०० आणि २५०० मधला फरक हमालीचा आहे. ठिय्यावरून दोन मजूर आणले, घमेल्याने भरलं तरी अर्धा दिवस जाते. गल्ली अरुंद असली, ट्रॉली दारापर्यंत येत नसली, तर तो २५०० वाला महाग नाही.

हुडकेश्वरची_काकू
मलबा काढायच्या आधी चौखटी, खिडक्यांचे गज, सळाखी, नळाचे पाईप बाजूला काढून ठेव रे बाबा. आम्ही नाही ठेवलं. तीस वर्षांची सागवानी चौखट मजुरांनी "काकू हा कचराच आहे" म्हणत नेली आणि नंतर कळलं की जुन्या लाकडाच्या दुकानात गेली. कबाडीवाल्याला लोखंड दिलं असतं तर एका ट्रॉलीचे पैसे तरी निघाले असते. अख्ख्या विटा निघाल्या तर त्याही रचून ठेव, कंपाऊंडला कामी येतात.

वऱ्हाडी_इन_डॅलस
इकडची गंमत सांगतो. इथे डम्पस्टर भाड्याने मिळते, मोठा लोखंडी डबा आणून दारात ठेवतात, आठ-दहा दिवस तुम्ही भरत बसा, मग ट्रक येऊन उचलते. २० यार्डाचा (म्हणजे घनयार्ड) डबा म्हणजे आपल्या हिशोबाने जवळपास साडेपाच ब्रास, पण विटा-काँक्रीटने तो काठोकाठ भरू देत नाहीत, कारण भाड्यात ठरावीक टनच धरलेले असतात. वर गेलं की टनामागे वेगळे पैसे. त्यामुळे जड मालाला छोटा १० यार्डाचाच देतात. मी पहिल्या वेळी घराच्या मागची काँक्रीटची फरशी फोडून त्यात टाकली, डबा अर्धाच दिसत होता आणि बिल पाहून डोळे पांढरे झाले. भाड्यातला मोठा हिस्सा लँडफिलवर टनाप्रमाणे जी फी लागते तिचा असते. म्हणजे तुमच्याकडे डिझेल आणि हमालीचे पैसे, इकडे टाकायच्या जागेचे.

साईटवरचा_सिव्हिल
@वऱ्हाडी_इन_डॅलस मुद्दा तोच आहे ना. आपल्याकडे टाकायच्या जागेचे पैसे रेटमधे नसतात, म्हणून १२०० मधे भागते. २०१६ च्या केंद्राच्या बांधकाम-मलब्याच्या नियमांपासून लिहिलेलं आहे की मलबा रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही, काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड वेगळं ठेवायचं. रोज २० टन किंवा महिन्याला ३०० टन काढणाऱ्या मोठ्या साईटवाल्यांना मलब्याचं काय करणार याचा आराखडा पण द्यावा लागे. घरगुती कामाला तेवढं नाही, पण रस्त्यावर ढीग दिसला तर मनपाचं उपद्रव शोध पथक दंड लावते, तेव्हा ट्रॉलीवाला गायब असते आणि पावती घरमालकाच्या नावाने फाटते.

मलब्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटमधे गेला तर मलबा वाया जात नाही. दगड-विटा क्रशरमधे फोडतात, चाळतात, धुतात, त्यातून खडी आणि रेती निघते, पेव्हर ब्लॉक आणि रस्त्याच्या खालच्या थराला चालते. आयएस ३८३ मधे (खडी-रेतीचं भारतीय मानक) २०१६ पासून जुनं काँक्रीट फोडून काढलेल्या खडीला परवानगी आहे, साध्या काँक्रीटमधे २५ टक्क्यांपर्यंत, सळाखीच्या काँक्रीटमधे २० टक्के आणि तेही एम २५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच. फक्त मलब्यात प्लास्टिक, कपडे, ओला कचरा मिसळला की सगळी मेहनत पाण्यात. आणि घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू नका, पाणी मारून अख्खे उतरवा, त्यात ॲस्बेस्टॉस असते, धूळ छातीत जाते.

नाल्याकाठचा
आमच्या घरामागच्या नाल्यात पहाटे पाचला ट्रॉली रिकामी होते. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीचं पाणी डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या घरात शिरलं होतं. त्या रात्री पाऊसच तसा होता मान्य, पण तेव्हापासून नाल्यात मलबा पडताना दिसला की झोप उडते. भाऊ, ट्रॉलीवाल्याला फक्त एक विचारा, "रिकामी कुठे करणार?" अडखळला की समजून जा.

नरेंद्रनगरकर
अपडेट देतो. दोन ट्रॉल्यांतच झालं, सिव्हिलभाऊ जिंदाबाद. २५०० वाल्यालाच सांगितलं, पण नाल्याकाठच्या भाऊंचं वाचून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे गाडी घेऊन गेलो. बेसा रोडच्या पुढे एका नवीन लेआऊटमधे गेला तो. तिथे प्लॉटवाला उभाच होता, काळी माती असल्याने त्याला भरण पाह्यजे होतं. ट्रॉली रिकामी झाली आणि त्या प्लॉटवाल्याने माझ्यासमोर ड्रायव्हरच्या हातात पैसे ठेवले! म्हणजे माझ्याकडूनही घेतले आणि त्याच्याकडूनही. मी विचारलं तर हसून म्हणते, "साहेब, तुमचे उचलायचे, त्यांचे टाकायचे."

आता शेजाऱ्यांच्या घरी पण काम निघून राहिलंय. बेसा-हुडकेश्वर भागात कोणाला भरण पाह्यजे असेल तर इथे लिहा ना, आपसातच जमवू.

हुडकेश्वरची_काकू
आमच्या पुतण्याच्या प्लॉटला पाह्यजे. काच आणि टाईल्सचे तुकडे नको म्हणावं, बाकी चालेल. ट्रॉलीचे अर्धे-अर्धे करू.