डोक्यावर पाणी घातलं म्हणून किरिस्तांव?

मांडवीकाठ: काल ‘नवा_जन्म’ यांनी लिहिलं की गोव्यातले बरेचसे कॅथलिक नुसते नावाचे ख्रिस्ती. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी घालून कुणी ख्रिस्ती होत नाही, मोठेपणी येशूला स्वतःहून स्वीकारलं तरच. वाचून झोप उडाली, म्हणून हे लांबण.

माझी आजी बार्देशची. अक्षरओळख नाही, बायबल उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. पण तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की हातातलं सूप खाली ठेवून उभी राहायची, मग तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. दारी आलेला माणूस पेज प्यायल्याशिवाय परत गेला नाही. दरवर्षी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, तेल घालायला जायची. तिथे हिंदूही तेल घेऊन येतात, शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून. तुमच्या हिशेबाने ही बाई मूर्तिपूजक, आणि ‘स्वीकारल्याची’ तारीख सांगता येत नाही म्हणून ख्रिस्तीही नव्हे. ‘ख्रिस्ती’ हे नाव शिष्यांना प्रथम अंत्युखियात मिळालं, प्रेषितांच्या कृत्यांत अकराव्या अध्यायात आहे. मिळालं म्हणजे लोकांनी दिलं, त्यांनी स्वतःला लावून घेतलं नाही. आजीला सगळा वाडा किरिस्तांव म्हणायचा. मला तेवढं पुरे.

नवा_जन्म: आजीबद्दल आदर आहे. आता माझं ऐका. बाप्तिस्मा, पहिला कोमुन्यांव (प्रभुभोजन), क्रिज्मा (दृढीकरण), सगळं वेळेवर झालेलं. पस्तिशीपर्यंत रोज पिऊन यायचो आणि बायकोला मारायचो. सर्टिफिकेट तेव्हाही पेटीत होतं. एका प्रार्थनासभेत गेलो, बाटली सुटली. त्याआधीही मी ख्रिस्ती होतो म्हणता? माझ्या बायकोला विचारा. आता गावात ‘बिलिव्हर’, म्हणजे कॅथलिक चर्च सोडून गेलेला, म्हणून नाक मुरडतात, सख्खा भाऊ फेस्ताला, चर्चच्या सणाला, बोलवत नाही. पीत होतो तेव्हा बोलवायचा.

मांडवीकाठ: बाटली सुटली हे चांगलंच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हा तुम्ही वाईट ख्रिस्ती होतात. वाईट मुलगा मुलगाच असतो. बाप्तिस्म्याची मोहोर पुसत नाही, ही चर्चची शिकवण आहे.

तिखट_सुंगट: पाणी पाणी काय करता? आमच्या गावच्या फेस्तात मिरवणुकीतला लाल अंगरखा कुणी घालायचा ते कोंफ्रारिया, म्हणजे चर्चमधलं मंडळ, ठरवायची, आणि कोंफ्रारिया कुणाची ते जात. बामण, चारदो, सुदीर. माझ्या बाबांचा बाप्तिस्मा त्याच फोंतीत (बाप्तिस्म्याच्या कुंडात), त्याच पाण्याने झालेला. अंगरखा मिळाला नाही तो नाहीच. त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत. आधी यावर बोला, मग मोहोर.

माडाखाली: हिंदूंनी हसू नये. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू करून घेतले. त्यांना नाव मिळालं ‘नवहिंदू’. तो ‘नव’ अजून गळला नाही. कुंकळ्ळीला शांतादुर्गेच्या छत्र्यांची मिरवणूक येते तेव्हा ख्रिस्ती गावकरीही येतात, कारण देवी गावची. यांचे रकाने कोण भरणार?

वास्कोतला_नगरकर: माझा रकाना भरा आधी. मी नगरकडचा, चौथ्या पिढीचा प्रोटेस्टंट. आडनाव मराठी, बीफ खात नाही, कोकणी मोडकी. भाड्याने खोली घेताना घरमालकीण म्हणाली, “तू कसलो किरिस्तांव?” हिंदू घरमालकाने ख्रिस्ती म्हणून नाही म्हटलं. दोन्हीकडून गेलो. गंमत म्हणजे पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला माझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मानतं, पुन्हा करत नाही. घरमालकीण मानत नाही. रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर वाढलो. इथे मराठीत उपासना कुठे होते विचारलं, तर लोक असे बघतात जणू मी देवळात मिसा (चर्चची उपासना) मागितली.

आमची_भास: मराठी मिसा? आलात मुद्द्यावर! गोव्याच्या ख्रिस्तींची प्रार्थनेची भाषा कोकणी. तीच मोडायला १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी फर्मान काढलं होतं. आता तुम्ही.

ओवीवाला: मग फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण कुठल्या भाषेत आहे? १६१६, राशोलला छापलेलं. हजारो ओव्या, आणि मराठीचं कौतुकही त्यातच.

आमची_भास: त्याच स्टीफन्सने दौत्रीन, म्हणजे धर्मशिकवणीची पोथी, कोकणीत केली, १६२२ मध्ये छापली. व्याकरणही कोकणीचं लिहिलं. पुराण मराठीत, शिकवण कोकणीत. घरची कुठली ते कळलं का?

ओवीवाला: व्याकरण परक्या भाषेचं लिहावं लागतं. आणि कोकणी कोकणी म्हणता, पण १९८७ च्या राजभाषा कायद्यात ती फक्त देवनागरीतली. चर्चमध्ये गातात ती रोमीतली, म्हणजे रोमन लिपीतली. त्या रोमीवाल्या ख्रिस्तींना तुमच्या चळवळीने काय दिलं?

तिखट_सुंगट: हे मात्र खरं. माझी आई रोमीतच लिहिते. सरकारदरबारी ती निरक्षर.

आमची_भास: सुंगटबाय, तू कुणाच्या बाजूने?

तिखट_सुंगट: बाबांच्या.

ओवीवाला: गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलापासून हेच चाललंय. मराठी बोललं की “महाराष्ट्रात जा”.

आमची_भास: जा मग. कदंबाची बस आहेच.

माडाखाली: दोघेही ख्रिस्ती नाहीत, आणि ख्रिस्ती कोण यावर भांडताहेत. धन्य.

नवा_जन्म: मी कुणाच्या आजीला काढून टाकलेलं नाही. ‘निव्वळ पाण्याने होत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द जरा जड पडले असतील.

मांडवीकाठ: जरा? बरं, ‘निव्वळ’ मान्य. आजीने निव्वळ पाण्यावर थोडंच भागवलं? आणि भावाने बोलावलं नाही तर आमच्याकडे या फेस्ताला, दारू तुमच्यासमोर उघडणार नाही. नगरकर, तुम्हीही या. घरी डुकराचं सोरपोतेल असतं, तुमच्यासाठी वेगळी कोंबडीची शाकुती करायला सांगतो.

वास्कोतला_नगरकर: येतो. शाकुती नको. मी बीफ खात नाही म्हणालो, डुकराबद्दल काही बोललो होतो का?