मुलासोबत आम्हालाही ॲडमिट व्हायला सांगतायत, कोणी राहिलंय का?

देवगडची आई: मुलगा 13 वर्षांचा, ओसीडी आहे (नको ते विचार परत परत येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार). दोन-दोन तास मोरीतून बाहेर येत नाही, धुतलेले कपडे परत धुवायला लावतो आणि आम्ही धुतो, आजी तर त्याच्यासाठी दाराची कडीसुद्धा पदराने उघडते. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात बंगळुरूला निमहान्सला (मानसिक आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल) न्या, तिथे घरच्यांनाही ठेवून घेतात. पण आम्हाला कशाला? आमचं चुकलंय का? मिस्टर मुंबईला असतात, रजेचा पण प्रश्न आहे.

कुडाळ: घाबरू नको गो बाय. चुकलं म्हणून नाही बोलवत. आम्ही लेकीला घेऊन राहिलोय (दुसरीकडे). ती दिवसाला शंभरदा विचारायची "आई, हात स्वच्छ आहेत ना?" आणि मी प्रत्येक वेळी "हो गो" म्हणायचे, तिला पाच मिनिटं बरं वाटायचं की परत तेच. आपल्या त्या 'हो'वरच आजार पोसला जातो हे मला तिथे कळलं. थेरपिस्टने आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून एकच वाक्य ठरवून दिलं, "तुला भीती वाटतेय ते कळतंय, पण मी उत्तर देणार नाही." पहिले काही दिवस ती इतकी रडायची की मी पण बाहेर जाऊन रडायचे, घरी असते तर दुसऱ्या मिनिटाला विरघळले असते, तिथे सिस्टर सोबत होत्या म्हणून निभावलं. हळूहळू करतात, एकदम नाही.

चिपळूण: कायद्यातही आहे हे. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 प्रमाणे 18 च्या आतल्या मुलाला ॲडमिट केलं की घरचं कोणीतरी किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायलाच लागतं, आणि मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायला लागतं. आणि हे काही नवीन फॅड नाही, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर 1950 च्या दशकात पेशंटच्या नातेवाइकांना आवारात तंबूत ठेवून घ्यायचे. निघेपर्यंत काही अडलं तर 14416 वर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

चिपळूण: मिस्टरांना मात्र न्याच. मी पण चाकरमानीच, महिन्यातून दोन दिवस यायचो आणि मुलगा मागेल ते करून द्यायचो, बायकोने आठवडाभर धरून ठेवलेलं सगळं त्या दोन दिवसांत जायचं.

देवगडची आई: वाचून रडायला आलं, आमच्याकडे पण अगदी असंच होतं. मिस्टरांशी आजच बोलते. सासूबाईंना नेऊ का? 72 वर्षांच्या आहेत, गाडी बदलून एवढा प्रवास.

कुडाळ: झेपत असेल तर न्या. नाहीतर डॉक्टरांना आधीच विचारा, फोनवर बसवता येईल का त्यांना. कडी त्याच उघडतात ना.