सरांनी शिकवलेलं तुम्ही कुठे ठेवलंय? (अनुभव धागा)

सांगलीची_हळद
काल लेकीला गप्प बसवायला जुना फोन दिला. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून पियानो ऐकू आला, मग कुणाचा तरी खोकला, मग माझाच आवाज: "सॉरी, परत एकदा?" पोळी तव्यावर तशीच राहिली. २०१२ मधलं रेकॉर्डिंग. बॅरी हॅरिसच्या क्लासचं.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटचे जॅझ पियानोवादक, जन्म १९२९, पक्के बीबॉपवाले (बीबॉप म्हणजे १९४० च्या दशकातली जलद, गुंतागुंतीची जॅझ शैली). १९८२ ते ८७ मॅनहॅटनमध्ये जॅझ कल्चरल थिएटर नावाची स्वतःची जागा चालवली. ती बंद पडली, पण शिकवणं नाही थांबलं. लॉकडाऊनमध्ये नव्वदीचा माणूस झूमवर क्लास घेत होता. डिसेंबर २०२१ मध्ये कोविडने गेले, ९२ वा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. तिथे सगळे त्यांना नुसतं बॅरी म्हणायचे. माझी जीभ वळायची नाही, म्हणून मी काहीच म्हणायचे नाही.

मी तेव्हा जर्सी सिटीत. मंगळवारी ऑफिस सुटलं की पाथ ट्रेनने ३३ व्या रस्त्यापर्यंत, तिथून वर लिंकन सेंटरच्या बाजूला. आधी पियानोवाले, मग गाणारे, मग सॅक्सोफोन-ट्रंपेट घेऊन आलेले, आणि हे सगळं मध्यरात्रीपर्यंत. एका पियानोभोवती वीस-पंचवीस माणसं. पुस्तक नाही. ते ओळ गाऊन दाखवणार, पुढच्यांनी पट्ट्यांवर वाजवायची, मागच्यांनी हवेत बोटं नाचवायची. मी कायम हवेत.

मूळ गोष्ट पेटीवर सांगते. सा रे ग म प, मग कोमल ध, शुद्ध ध, नि. आठ स्वर. एकाआड एक उचला: सा-ग-प-ध. उरले ते रे-म-कोमल ध-नि. पहिला गट म्हणजे घर, दुसरा म्हणजे बाहेर. आता सगळी बोटं एकेक जागा वर सरकवत न्या: घर, बाहेर, घर, बाहेर. मी मनात सासर-माहेर म्हणायचे. त्यांचं निम्मं शिकवणं यातूनच उगवतं.

फोनात अशा ४१ फाइली आहेत. तुमच्या गुरूंचं तुम्ही काय ठेवलंय? वही, कॅसेट, शिवी, काहीही चालेल. लिहा.

निवांत_बसलोय
पोळीचं काय झालं?

सांगलीची_हळद
करपली. नवऱ्याने खाल्ली.

पोळपाट_लाटणं
दोन धैवत लागोपाठ?? ललतात दोन मध्यम शेजारीशेजारी येतात ते ठीक, पण हे काय. कुकर लावलाय, नंतर पेटी काढून बघते.

कोकणकडा
आमच्या तबल्याच्या सरांना टेप दिसला की हात थांबायचा. "मशीन शिकणार की तू?" मग मी क्लास सुटल्यावर दादरच्या पुलावर उभा राहून लोकलच्या तिकिटामागे कायदा (तबल्याच्या बोलांची बांधलेली रचना) लिहून काढायचो. मागून लोक ढकलतायत, तोंडाने बोल चालू, एका बाईंनी विचारलंसुद्धा, बाळा बरं आहे ना? एक फार सुंदर तीनतालातला कायदा असाच लिहिला होता. शर्ट धुवायला गेला. तिकीटही गेलं.

सर गेल्यावर त्यांच्या मुलाने विचारलं, बाबांचं काय काय आहे तुझ्याकडे. मी वाजवून दाखवलं तर म्हणतो, हे दोन बोल बाबा उलटे वाजवायचे. म्हणजे वीस वर्षं मी चुकीचं जपत होतो. की तोच चुकतोय? विचारायला आता कुणी नाही.

अर्धा_चहा
याच कारणासाठी भातखंडे मोठे. वकील माणूस, गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढले. नाहीतर निम्मं पेटीबंद राहिलं असतं. रेकॉर्डिंगला नाही म्हणणाऱ्या गुरूंबद्दल मला आदर आहे पण सहानुभूती नाही.

कोकणकडा
@अर्धा_चहा पुस्तकातून बंदिश कळते हो, ती म्हणताना सर कुठे हसायचे ते कळत नाही.

अर्धा_चहा
हसण्याचं नोटेशन तुम्ही काढा. वेळ आहे ना पुलावर.

कोकणकडा
😂 घ्या.

मडगांवकार
जॅझ म्हटल्यावर गप्प बसवत नाही. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईत सॅक्सोफोन वाजवायचा. रात्री हॉटेलात, सकाळी हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. झोपायचा कधी ते घरात कुणालाच ठाऊक नाही. शिकला गावातल्या चर्चच्या शाळेत, मेस्ताकडे. (मेस्त म्हणजे चर्चचा संगीत शिक्षक, गवंडी नव्हे. मुंबईत माझा यावरून एकदा घोळ झालाय.) आधी नुसतं सोल्फेज, महिनोन्‌महिने स्वर वाचून म्हणायचे, तेव्हा कुठे वाद्य हातात. म्हणून तर गोंयकार समोर ठेवाल तो कागद वाचून वाजवायचे.

जॅझ मात्र चर्चमध्ये कोण शिकवणार? तो मुंबईत ऐकून शिकले. टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन काळा पियानोवाला ताजमध्ये वाजवायचा, आपले लोक त्याच्या बँडमध्ये बसून शिकले. तोच त्यांचा क्लास. बिचारा १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. चिक चॉकलेट ट्रंपेटवाला, ज्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, तो आमच्या आल्दोन्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो झिंग आणणारा ट्रंपेट आहे ना, त्यामागे ही सगळी शाळा आहे.

तर आजोबांच्या भावाची ट्रंक. आत हाताने लिहिलेले कागद, एकेका वाद्याचा वेगळा. आम्ही उघडेपर्यंत वाळवीने सोडलं नव्हतं काही. एक पान धरलं, मधोमध भोक, कडेने स्वर. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं: "सवकास रे गाढवा." हळू रे, असं. बहुतेक स्वतःलाच लिहिलं असावं, जलद वाजवायची खोड होती म्हणतात. ते पान फ्रेम करून ठेवलंय. वाजवण्यासारखे त्यावर सहा-सात स्वर उरलेत. पावसात वीज गेली की मी क्लॅरिनेटवर तेवढेच वाजवतो.

निवांत_बसलोय
अँथनी गोन्साल्विस पण तुमच्याच बाजूचे का? मला कितीतरी वर्षं वाटायचं की तो माणूस फक्त अंड्यातून बाहेर येतो.

मडगांवकार
माजोर्ड्याचे. खरेखुरे, व्हायोलिनवाले आणि अरेंजर. प्यारेलाल त्यांचे शिष्य, १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या त्या गाण्यात गुरूचं नाव म्हणून आलं. अख्खा देश नाचला आणि गुरू कोण ते कुणी विचारलं नाही. ते तर त्याच्या आधीच अमेरिकेला गेले होते.

निवांत_बसलोय
गुरुदक्षिणा असावी तर अशी. मी माझ्या गणिताच्या सरांचं नाव वायफायला दिलंय.

जांभळी_छत्री
बाकीचं वाचून वाईट वाटलं म्हणून लिहिते. माझ्या पियानोच्या बाईंचं माझ्याकडे काहीही नाही. चुकलं की पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायच्या. परीक्षेत पास झाले आणि परत पियानोला हात लावला नाही. आता लेक शिकते, तिच्याजवळ बसले की माझी बोटं आपोआप आत वळतात. एवढंच जतन झालंय.

सांगलीची_हळद
@जांभळी_छत्री 🫂 क्लासमध्ये बोलणी मीही खाल्ली आहेत, पण तिथे चूक एकाने करायची आणि सगळ्यांनी मिळून परत वाजवायची. त्यामुळे लाज वाटून घ्यायला वेळच मिळायचा नाही.

पुणे_मुंबई_पास
थोडं अवांतर. कुणाकडे ओल लागलेल्या कॅसेट नीट करायचा उपाय आहे का? आजीच्या भजनांच्या आहेत, टेपवर पांढरी बुरशी. ठाण्यात एकाकडे दिल्या होत्या, त्याने दोन तोडूनच परत केल्या.

कोकणकडा
बुरशीवाली सरळ प्लेअरमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. आधी कोरड्या हवेत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात. स्क्रूवाली असेल तर उघडून बुरशी मऊ ब्रशने हलकेच झटका, नाकाला फडकं बांधून. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. दर कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तुटलेल्या जोडता येतात, सेलोटेपने मात्र नाही, त्याचा गोंद पाझरतो. स्प्लायसिंग टेप मिळते.

पुणे_मुंबई_पास
देव तुमचं भलं करो. तुमचं तिकीट सापडो.

अर्धा_चहा
@हळद, बॅरी हॅरिसचं रीतसर जतन झालंय की. टोरांटोच्या हॉवर्ड रीसने क्लासचे व्हिडिओ वर्कबुकसकट काढले. हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतले तास यूट्यूबवर आहेत. मग तुझ्या ४१ फाइलींचं विशेष काय?

सांगलीची_हळद
व्हिडिओ माझ्याकडेही आहेत, उत्तमच आहेत. माझ्या फाइलींत ते कमी आणि माझ्याभोवतीचे लोकच जास्त आहेत. एक जपानी पोरगा तीच ओळ नऊ वेळा चुकतो, दहाव्यांदा जमते तेव्हा मागे कुणीतरी टाळी वाजवतं. काल ते ऐकताना मीच टाळी वाजवली. म्हणूनच टाकवत नाही कुठे, त्या पोराला कोण विचारणार?

आणि त्यांची ती सृष्टीची कथा आहे एका फाइलीत, खोकल्यासकट. बारा स्वर म्हणजे देव. त्यातून सहा-सहा स्वरांची जोडी, बाई आणि बुवा. त्यांना तीन मुलं, चार-चार स्वरांचे तीन डिमिनिश्ड कॉर्ड (सारख्या अंतरावरचे, एकत्र वाजवायचे स्वर). प्रत्येक मुलाकडे दोन स्वर आईचे, दोन बापाचे. मी घरी येऊन वहीत तपासलं, खरंच दोन-दोन निघतात. रात्री दीड वाजता नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, बरं.

निवांत_बसलोय
नवरा संत आहे. करपलेली पोळी, वर हे.

मडगांवकार
त्या जपानी पोराची फाइल तेवढी मला पाठव गो. कुठे टाकणार नाही. नऊ वेळा चुकलेलं ऐकायचंय.

पोळपाट_लाटणं
जेवणं आवरली. पेटी काढली. सा-ग-प-ध झालं, रे-म-कोमल ध-नि झालं, तिसऱ्याला ग-प-ध-वरचा सा म्हणजे परत घर, बरोबर? चौथ्याला माझी बोटं भांडतात. सासूबाई आतून विचारतायत कुठला राग गं हा.

सांगलीची_हळद
बरोबर. चौथा म-कोमल ध-नि-वरचा रे, परत बाहेर. पेटीवर एका हाताने अवघड जातं, भाता कुणाला तरी धरायला दे.

पोळपाट_लाटणं
सासूबाई आल्यात भात्याला. चौथा जमला. पाचव्याला त्याच पुढे पळतायत.