खापरखवल्या की ढालशेपट्या?

तांबडीमाती: शाळकरी मुलांसाठी सह्याद्रीतल्या सापांची पुस्तिका मराठीत करतोय. ‘शील्डटेल’ला मी ‘खापरखवल्या’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘ढालशेपट्या’ केलं, का तर सोपं. मला पटेना. गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर हाच पाहिलेला. वीतभर, काळसर, निळी झाक. एक टोक निमुळतं, दुसरं विळ्यानं तिरकं छाटल्यासारखं, वर चिखलाची टोपी. सोबतचे काका हळहळले, “डोकं ठेचलंय बिचाऱ्याचं.” ती शेपटी होती! तिथल्या खरखरीत खवल्यांवर माती बसते आणि बीळ मागून बंद होतं. म्हणजे खापरीच की. ढाल कशी गुळगुळीत असते.

जुनापेठकर: शास्त्रीय नाव यूरोपेल्टिस. ग्रीकात ‘उरा’ शेपूट, ‘पेल्टे’ लहान ढाल. संपादक बरोबर आहेत.

तांबडीमाती: ग्रीकांसाठी बरोबर असतील.

भुदरगडी: आमच्यात दुतोंड्याच म्हणतात. आजी सांगायची, सहा महिने इकडून चालतो, सहा महिने तिकडून. कशाला नवी नावं पाडताय?

बीळशोध्या: भावा, दुतोंड्या म्हणजे मांडूळ. तो जाडजूड, कोरड्या भुसभुशीत मातीतला, उंदीर खाणारा. खापरखवल्या ओल्या जंगलातला, गांडुळांवर जगणारा. पिल्लं दोघंही थेट घालतात, एवढंच साम्य. मांडूळ गुप्तधन दाखवतो म्हणून बिचाऱ्याची तस्करी चालते, 1972 चा वन्यजीव कायदा असूनही. त्यात तुम्ही पुस्तिकेत ह्यालाही दुतोंड्या छापा!

भुदरगडी: आजीच्या बोलीला चूक ठरवणारे तुम्ही कोण? शेपटी डोक्यासारखी दिसली की दुतोंड्या. लोक शब्द असेच वापरतात.

जुनापेठकर: खापर संस्कृत ‘खर्पर’वरून. शब्द शुद्ध आहे, हे मान्य. पण मुलांना खापर फक्त ‘फोडायचं’ माहीत.

पाचगावची_सून: मग ‘वाळा’ कसा चालतो? आमच्या कुंडीत निघाला. काळा, चकचकीत, बुटाच्या नाडीएवढा. सासूबाई म्हणाल्या गांडूळ, पण अंगाला वळ्या नव्हत्या आणि बारीकशी जीभ बाहेर येत होती.

बीळशोध्या: वाळाच तो. मुंग्यांची अंडी, वाळवी खातो. कुंड्यांतल्या मातीतून जगभर गेलाय. ह्या जातीत सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात. एक पोचली की पुरे!

जुनापेठकर: तान्ह्याच्या पायातल्या वाळ्यासारखा वेटोळं घालतो, म्हणून वाळा. उघड आहे.

भुदरगडी: उघड कशावरून? वाळ्याच्या मुळ्यांसारखा बारीक म्हणून का नसेल?

पाचगावची_सून: त्यावरूनच घोटाळा झाला. माठात वाळा टाकलाय म्हटल्यावर आमची लेक दोन दिवस त्यातलं पाणी प्यायली नाही.

तांबडीमाती: मंडळी, पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. खापरखवल्या ठेवू का?

भुदरगडी: ताई, चांगला वाळा कुठं मिळतो? आमच्या इथला नुसताच काड्या.

पाचगावची_सून: लक्ष्मीपुरीत बघा. हुंगून घ्या.