लँकेस्टरची हॅना, लग्न १६९०: माहेर कसं शोधू?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. मी मूळची वाईची, गेली एकोणीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टर काउंटीत राहते. नवरा इथलाच, जुन्या इंग्लिश घराण्यातला. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंनी माळा आवरायला काढला आणि एक जाड फाईल माझ्या हातात ठेवली. "तुला याची ओढ आहे, तूच सांभाळ," म्हणाल्या. आत घराण्याची छापील वंशावळ आहे, शंभरेक वर्षांपूर्वी कुणा चुलत आजोबांनी काढलेली. समासात सासूबाईंच्या सासूबाईंनी पेन्सिलीनं टिपणं केली आहेत.

आडनाव मुद्दाम देत नाही. मूळ पुरुष जॉन, १६३५ मध्ये इंग्लंडहून वॉटरटाउनला आला. त्याचा मुलगा जॉन लँकेस्टरला जमीन घेऊन राहिला. नातूही जॉनच. या नातवाच्या बायकोपाशी मी अडकले आहे. तिच्याबद्दल वंशावळीत एवढंच आहे: "हॅना. लग्न एप्रिल १६९०." आणि खाली पहिली मुलगी: "जन्म ३ फेब्रुवारी १६९०."

म्हणजे लग्नाच्या आधी मुलगी. समासात पेन्सिलीचं मोठं प्रश्नचिन्ह आहे, आणि लग्नाचं साल कुणीतरी खोडून १६८९ केलं आहे. सासूबाई म्हणाल्या, या पानाविषयी घरात कुणी बोलायचं नाही असा संकेतच होता.

दुसरं, हॅनाचं आडनाव. तिला नऊ मुलं झाली, सगळ्यांच्या जन्मतारखा आहेत, पण ती कुणाची कोण हे कुठेच नाही. माझ्या स्वतःच्या खापरपणजीचंही तसंच. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, आमच्या कुलवृत्तांतात ती नुसती अमक्याची पत्नी. तिचं माहेर आता सापडायचं नाही, सांगणारं कुणी उरलेलं नाही. निदान हॅनाचं तरी सापडावं असं फार वाटतं. माझी लेक तिच्या अकराव्या पिढीतली. कुठून सुरुवात करू?


तलाठ्याचा मुलगा

ताई, आधी त्या बिचाऱ्या मुलीवरचा डाग पुसू या. तारखा दोन्ही बरोबर आहेत, आणि लग्नही आधीच झालेलं आहे.

१७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि त्यांच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्या शकासारखं समजा. चैत्रात लग्न झालं आणि माघात बाळ झालं तर दोन्हीला शक एकच लागतो, त्यात कुणाला वावगं दिसत नाही. तसंच हे. एप्रिल १६९० मध्ये लग्न, त्यानंतर दहा महिन्यांनी आलेला फेब्रुवारीही त्यांच्या हिशेबी १६९० च. आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १६९१. अशा तारखा आता १६९०/१ अशा जोडसालात लिहितात. १६८९ केलेलं खोडून पुन्हा मूळचं करा, आणि सासूबाईंना आजच फोन करा.

मूळ नोंदीत महिन्याचं नाव नसून नुसता आकडा असेल तर आणखी जपा. त्या काळच्या नोंदींत मार्च हा पहिला महिना, म्हणून "बारावा महिना" म्हणजे फेब्रुवारी. पुढे १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला, पण तुमच्या हॅनाला त्याची गरज नाही.

आता माहेर. माझे वडील तलाठी होते, त्यामुळे मला कुठलंही घराणं शोधायचं म्हटलं की आधी जमीन आठवते. बाप गेला की वारसनोंद होते, आणि तिथे लेकींची नावं येतातच, मग हक्कसोडपत्रासाठी का होईना. मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र न करता बाप गेला तर थोरल्या मुलाला दुहेरी वाटा आणि बाकी सगळ्या मुलामुलींना एकेक सारखा वाटा, असा तेव्हाचा कायदा. म्हणजे लेकीचा हिस्सा असायचाच. ती जमीन विकायची तर जावयाची सही लागायची आणि तिचीही.

म्हणून हॅनाला हॅना म्हणून शोधू नका. तिच्या नवऱ्याची सगळी खरेदीखतं आणि विक्रीखतं काढा, दोन रकाने करा आणि ताडून बघा. जी जमीन त्यानं विकली, पण कधी विकत घेतल्याचं किंवा बापाकडून मिळाल्याचं दिसत नाही, ती बहुधा त्याच्या सासऱ्याची. त्या खतावर त्याच्याबरोबर आणखी कोण सह्या करतंय ते बघा, ते तिचे भाऊ आणि बहिणींचे नवरे असण्याचा संभव मोठा.

एक खबरदारी. तुम्ही वुस्टर काउंटीत राहता म्हणून वुस्टरच्या दफ्तरात जाल आणि हात हलवत परत याल. वुस्टर काउंटी झाली १७३१ मध्ये. त्याआधी लँकेस्टर मिडलसेक्स काउंटीत होतं, त्यामुळे हॅनाच्या काळचे कागद केंब्रिजच्या बाजूला. गाव जागेवरच राहिलं, काउंटी बदलली. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर या खतांचे फोटो फुकट बघता येतात, आणि आता हस्तलिखितातले शब्दही यंत्रानं वाचून शोधता येतात.


शाईदौत

वरचं सगळं पटलं. मी मोडी वाचते आणि गेली काही वर्षं हौसेनं इथली जुनी इंग्लिश मृत्युपत्रंही वाचते, म्हणून थोडी भर.

नात्यांचे शब्द आजच्या अर्थानं घेऊ नका. "कझिन" म्हटलं की बरेचदा तो पुतण्या किंवा भाचा असतो. "ब्रदर" हा मेहुणा किंवा साडूही असू शकतो. "मदर-इन-लॉ" म्हणजे काही वेळा सावत्र आई. "माझी आत्ताची बायको" असं लिहिलं म्हणून आधीची एक होती असं ठरवू नका, मालमत्ता नेमकी कुणाला जावी यासाठीचा तो वकिली शब्द आहे. आणि तुमच्याकडे तीन जॉन आहेत तर "सीनियर" आणि "ज्युनियर" यांवर मुळीच विसंबू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले की वयानं मोठा तो सीनियर. काका-पुतणेही असतील, एकमेकांचे कुणीच नसतीलही. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

मृत्युपत्राबरोबरची सामानाची यादी वगळू नका. दोन-तीन शेजारी घरात येऊन एकेका वस्तूची किंमत पौंड-शिलिंग-पेन्समध्ये मांडायचे: पिसांची गादी, कथलाच्या थाळ्या, चरखा, बैलजोडी. बायकोसाठी काय ठेवलंय ते वाचताना मी दर वेळी थांबते. पूर्वेकडची खोली, भट्टी आणि विहीर वापरायची मुभा, तळघरात जायची वाट, वर्षाचं सरपण मुलानं फोडून दारात आणून द्यायचं. हे सगळं लिहून ठेवलं नाही तर आपल्याच घरात तिला ते मिळेल याची खात्री नव्हती.

त्याच यादीत गुरांच्या वर किंवा खाली एखाद्या माणसाचं नाव आणि पुढे किंमत दिसली तर तेही उतरवून घ्या. मॅसॅच्युसेट्समध्येही १७८० च्या दशकापर्यंत गुलामी होती. त्या माणसाच्या वंशजांना तो एकच कागद मिळण्यासारखा असतो.

फाईलमध्ये रंगीत ढाल-तलवारीचं घराण्याचं चिन्ह आणि थेट सरदारांपर्यंत पोचणारी वंशावळ आहे का? असेल तर ती पानं बाजूला ठेवा. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत अमेरिकन घराण्यांना खोट्या वंशावळी विकणारे होते. गुस्ताव अँजू हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध, त्यानं घातलेली भर अजूनही इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत फिरते आहे.


चाफेकळी

सासूबाईंना सालाचं सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंना हे कळायला हवं होतं."

ढालीचं चित्र आहे! वंशावळीत मूळ जॉनच्या आधी सात पिढ्या आहेत, इंग्लंडमधल्या सफोकच्या. खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं?


शाईदौत

ताई, समुद्र सगळ्यात शेवटी ओलांडा. १६२० ते १६४० मध्ये वीसेक हजार इंग्लिश माणसं न्यू इंग्लंडला आली आणि त्यात जॉन किती असतील! सफोकच्या एखाद्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला म्हणून तो तुमचाच होत नाही. तो मुलगा तिथेच लहानपणी वारला का, तिथेच लग्न करून राहिला का, हे आधी बघावं लागतं. इंग्लंडमध्ये पॅरिशच्या नोंदी १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण सगळ्या टिकल्या नाहीत, आणि गरीब शेतकऱ्याची त्यामागची सात पिढ्यांची साखळी मिळणं फार विरळा.

पूल बांधतात ती बहुधा मृत्युपत्रंच. ज्याच्या नावानं विद्यापीठ आहे त्या जॉन हार्वर्डचंच बघा. तो मूळचा कुठला, कुणाचा, हे अडीचशे वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. १८८० च्या दशकात हेन्री वॉटर्स हा वंशावळींचा अमेरिकन अभ्यासक लंडनमधली मृत्युपत्रं एकेक करून वाचत बसला, तेव्हा उलगडलं. त्यातलं एक हार्वर्डच्या आईचं होतं, "थोरला मुलगा जॉन हार्वर्ड" असा उल्लेख असलेलं. नवरा गेल्यावर कॅथरीननं आणखी दोन लग्नं केली होती आणि शेवटी तिचं आडनाव यीअरवुड होतं. नुसतं हार्वर्ड आडनाव धरून शोधणाऱ्याच्या ती हाती लागली नसती. तुमच्या हॅनाच्या आईचंही तसं झालेलं असू शकतं, हे मनात ठेवा.


तलाठ्याचा मुलगा

एक राहिलं. लँकेस्टरवर तिथल्या मूळ रहिवाशांचा मोठा हल्ला झाला १० फेब्रुवारी १६७६ ला. त्या वेळच्या कागदांत साल १६७५ दिसेल, कारण तुम्हाला आता ठाऊक आहेच. पाद्र्याची बायको मेरी रोलंडसन त्यातच कैद झाली. गाव ओस पडलं आणि माणसं परतली ती १६८० च्या आसपास. तुमचा नातू जॉन तेव्हा दहा-बारा वर्षांचा असणार. ते कुटुंब ती चार-पाच वर्षं कुठल्या गावी आसऱ्याला होतं ते शोधा. पोरगं जिथे वाढलं तिथल्याच मुलीशी पुढे लग्न होणं अगदी साहजिक.


चाफेकळी

मंडळी, सात आठवड्यांनी लिहिते आहे. पोरांच्या शाळा, नोकरी, यातून रात्री अकरानंतरच वेळ मिळायचा.

तलाठीदादांनी सांगितलं तसे दोन रकाने केले. जॉननं आयुष्यात चौदा व्यवहार केले. त्यातल्या तेरांचा मेळ लागला. चौदावा १७१६ चा. सडबरीतली वीस एकर जमीन, जी त्यानं कधी घेतली नाही, वडिलांकडूनही आली नाही. आणि लँकेस्टर ओस पडल्यावर त्याचे वडील सडबरीलाच राहिले होते, ते आधीच एका कज्जाच्या कागदात सापडलं होतं.

विकणारे चार घरांतले. पहिले दोघे भाऊ, एकाच आडनावाचे. मग एक जावई आणि त्याची बायको. मग आमचा जॉन, आणि पुढे स्पष्ट शब्दांत, "हॅनाच्या हक्कानं, जी मयताची मुलगी." मयताचं नाव, गाव, सगळं आहे. शाईदौतताई, तो शब्द मी तीनदा चुकीचा वाचला, मग त्याच लेखकाच्या दुसऱ्या खतातली अक्षरं शेजारी ठेवून बघितली. वाचनात चूक नाही.

पण मला दाखवायची आहे ती सही. काउंटीच्या वहीत लेखकानं उतरवलेली नक्कल असते, सगळ्या नावांना एकच वळण. तरी हॅनाच्या नावाच्या मधोमध त्यानं तिची खूण काढली आहे आणि वर-खाली लिहिलंय, "हॅनाची खूण." नुसता एक एच, दोन उभ्या रेघा, आणि आडवी रेघ उजवीकडच्या रेघेच्या बाहेर गेलेली. तिला लिहिता येत नसणार, पण आपल्या नावाचं पहिलं अक्षर तिला ठाऊक होतं. लेखकानं ते तसंच उतरवून घेतलं.

त्या पानाची छापील प्रत सासूबाईंना नेऊन दिली. त्यांनी समासातलं जुनं प्रश्नचिन्ह तसंच राहू दिलं, खाली हॅनाचं माहेरचं आडनाव पेन्सिलीनं लिहिलं आणि आजची तारीख घातली. लेकीनं तो एच बोटानं गिरवून बघितला.

आता तिच्या वडिलांच्या मालमत्तेच्या वाटणीचे कागद काढायचे आहेत. भावांच्या आधी तिच्या आईचं नाव कुठे येतं का ते बघते. इथेच कळवीन.