मदत हवी आहे : पोलंडमधल्या खाण शिक्षणाचा जन्म १८१६ चा की १९१९ चा?

बल्लारपूरकर

नमस्कार मंडळी,

चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं काढली, आता निवृत्त. महिनाअखेरीस मायनिंग डिप्लोमाच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचंय. विषय मीच ओढवून घेतलाय : पोलंडमध्ये खाणकाम शिकवायला सुरुवात कशी झाली.

निमित्त पुतणीचं. ती क्राकुफला शिकते. विषय संगणक, पण विद्यापीठ मूळचं खाण अकादमीचं. तिने फोटो पाठवला : दारापाशी खाणकामगारांचे दगडी पुतळे उभे आणि छपरावर संत बार्बारा, खाणकामगारांची राखणदार. आपल्याकडे शाफ्टच्या (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या) तोंडाशी कालीमाता असते तशी.

आता घोळ. विद्यापीठ स्थापनेचं साल १९१९ सांगतं. नाव मात्र स्तानिस्वाव स्ताशित्स यांचं, आणि ते तर १८२६ मध्येच वारले! त्यांनी १८१६ मध्ये क्येल्त्से गावी खाण शाळा काढली होती म्हणे. मग मधली शंभर वर्षं गेली कुठे? व्येलिच्काची मिठाची खाण तेराव्या शतकापासून चालू असलेला हा मुलूख. तिथे शंभर वर्षं शिकवणारा कुणी नव्हता हे मला पटत नाही. पहिल्या स्लाइडवर कुठलं साल टाकू?

शाफ्टवाला

सर्व्हेअर साहेब, जुना नकाशा काढा, तुमचा तर धंदाच तो. १७९५ ते १९१८ स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला. शिकवणं बंद नव्हतं, तिघांच्या वाट्यात विखुरलेलं होतं.

स्ताशित्स म्हणजे धर्मगुरूची दीक्षा घेतलेला, पण डोंगर तुडवून खडक तपासणारा माणूस. १८१५ नंतर झारच्या छत्राखाली जे पोलिश राज्य उरलं, त्यात उद्योगखातं त्याच्याकडे होतं. क्येल्त्सेच्या शाळेसाठी जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीकडची सॅक्सन माणसं आणली, भूशास्त्रज्ञ पुश त्यांतलाच. स्ताशित्सच्या हातून खातं गेलं आणि उघडल्यापासून दहाएक वर्षांत शाळाही आटोपली.

पुढे प्रशियाच्या वाट्यातल्या तारनोव्स्के गुरीला १८३९ मध्ये खाण शाळा निघाली, ती जर्मन. रशियाच्या वाट्यातल्या दोंब्रोवा गुर्निचाला १८८९ मध्ये निघाली, तिथे शिकवणं रशियनमध्ये. या दुसऱ्या शाळेला लोक 'श्तिगार्का' म्हणत. श्तिगार म्हणजे आपला ओव्हरमन, खाणीत कामावर देखरेख करणारा. इंजिनिअर व्हायचं तर मात्र गाठोडं बांधून फ्रायबर्ग, लेओबेन नाहीतर सेंट पीटर्सबर्ग. मुलांना हे सरदार-ओव्हरमनचं सर्टिफिकेट आणि खाण मॅनेजरचं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट यांच्या भाषेत सांगा, लगेच कळेल. तिथे खालची पायरी गावात होती, वरची परमुलखात.

गौरी_क्राकुफ

काका, तुमच्या घोळात अजून एक साल घाला : १९१३. क्राकुफ ऑस्ट्रियाकडे होतं. इथल्या पोलिश खाण इंजिनिअरांनी अकादमीसाठी पाठपुरावा केला आणि सम्राट फ्रान्झ योझेफने १९१३ मध्ये मंजुरी दिली. वर्ग भरायच्या आत पहिलं महायुद्ध लागलं. शेवटी २० ऑक्टोबर १९१९ ला स्वतंत्र पोलंडचे राष्ट्रप्रमुख पिल्सुदस्की यांच्या हस्ते उद्घाटन झालं. स्वतःची इमारत कुठली, सुरुवात उसन्या खोल्यांतून. पहिले रेक्टर अंतोनी होबोर्स्की, आणि ते गणितज्ञ!

होबोर्स्कींचं पुढचं जरूर सांगा. ६ नोव्हेंबर १९३९ ला जर्मनांनी क्राकुफच्या प्राध्यापकांना व्याख्यानाला म्हणून बोलावलं आणि तिथेच अटक केली. त्यांत तेही होते. १९४० च्या फेब्रुवारीत झाखसेनहाऊझेनच्या छळछावणीत मरण पावले. अकादमीच्या इमारतीत जर्मन गव्हर्नरचं ऑफिस थाटलं. तुमच्या फोटोतली बार्बारासुद्धा मूळची नाही, ती जर्मनांनी काढून टाकली होती. ही नंतर बसवलेली. स्ताशित्सचं नाव तर १९६९ मध्ये दिलंय.

कोळसाखाऊ

१८१६ वगैरे भावनिक आहे हो. दहा वर्षांत गुंडाळलेल्या शाळेचा वारसा कसला सांगायचा? १९१९ टाका आणि मोकळे व्हा.

जमलं तर दोमेय्कोवर दोन मिनिटं ठेवा. १८३०-३१ च्या उठावात रशियाविरुद्ध लढला, हरल्यावर परागंदा झाला, पॅरिसच्या खाणशाळेत शिकला आणि १८३८ पासून थेट चिलीत खाणकाम शिकवू लागला. पुढे तिथल्या विद्यापीठाचा रेक्टर झाला. घरी शाळा नाही म्हणून शिकलेला माणूस असा दुसऱ्याच्या कामी आला.

धनबादी_मराठी

धनबादजवळच्या झरिया कोळसापट्ट्यातल्या मुनीडीह आणि सुदामडीह या खोल खाणी पोलिश मदतीने उभ्या राहिल्या. व्याख्यानाची सुरुवात तिथून करा. स्ताशित्सने केलीत तर पोरं दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतील.

बल्लारपूरकर

सगळ्यांचे आभार. कोळसाखाऊ, तुमचं पटत नाही. शाळा बुडाली तरी गावात ती होती हे लोक विसरत नाहीत, नाहीतर दीडशे वर्षांनी कुणी नाव कशाला देईल? मुनीडीहपासून सुरू करतो. स्लाइडवर १८१६, १९१३, १९१९ तिन्ही सालं टाकतो आणि मुलांनाच विचारतो.

आता शेवटची मदत. पुतणी म्हणते की नव्या मुलांना तिथे 'कोल्हे' म्हणतात आणि दोघांनी धरलेल्या कातड्यावरून उडी मारायला लावतात. हे कातडं कसलं?

गौरी_क्राकुफ

जुने खाणकामगार कमरेला मागच्या बाजूने कातडं बांधायचे. ओल्या दगडावर बसायला आणि उतारावर घसरत जायला. ते ओलांडलं की तुम्ही बिरादरीतले. ४ डिसेंबरला बार्बाराचा सण, त्याच्या आसपास होतं. व्हिडिओ काढून पाठवते, पण काका, बियरचे मग दिसतील हं त्यात. प्राचार्यांना आधी विचारून घ्या.