मदत हवी आहे: जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क, आजी-आजोबा आणि मुलांसह

ठाण्याहून सहाजण, डिसेंबरअखेर. बोरिवलीहून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर, पुढे सुमारे २८० किलोमीटर गाडीने जैसलमेर असं ठरतंय. मुख्य ओढ माळढोक या दुर्मीळ पक्ष्याची, त्यामुळे सम गावातल्या वाळूवरच्या उंटसफारीपेक्षा सुदासरीची (पार्कातला माळढोकांचा भाग) पहाट महत्त्वाची.

१. सुदासरीचा परवाना जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून आदल्या दिवशी मिळतो का? ओळखपत्रांच्या किती प्रती लागतात?
२. भाड्याची साधी गाडी आतल्या वाळूच्या वाटांवर रुतेल, तर जीप कुठून ठरवावी? आजीला गुडघेदुखी आहे, उघड्या जीपचे धक्के सोसतील?
३. पहाटे कडाका, दुपारी ऊन. कपड्यांचे थर किती? पाणी माणशी ४ लिटर धरलंय, पुरेल ना?

माळढोक बुजरा असतो, म्हणून दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घेतोय. लांबून बघायला चालेल का?